एक वाफा, एक उत्तर

आमच्या नातीसारखं उलट्या डोक्याचं माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरं निघणार नाही, हे मी कोणत्याही देवळात उभा राहून सांगायला तयार आहे. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे आणि माणसं काही कमी पाहिलेली नाहीत. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात तीस वर्षं नोकरी करून घरातलं बटण काठीने दाबणारा शेजारी पाहिला. सटाण्याच्या बाजारात कांद्याच्या ढिगावर झोपून, उठल्यावर हा ढीग आपला नव्हेच म्हणून भांडणारा व्याही पाहिला. पण त्या माणसांचा वेडेपणा एका जागी होता, तो ओळखता यायचा. ह्या पोरीचं तसं नाही. ती नववीत आहे, चौदा वर्षांची आहे, आणि ती शेतातून शाळेत जाते की शाळेतून शेतात येते हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. तिलाही कळलेलं नसावं. हे मी तिच्याच जुन्या वहीतल्या कोऱ्या राहिलेल्या पानांवर लिहितोय. "आबा, झाल्यावर मी तपासून देऊ का?" असं तिने विचारलं. मी नाही म्हणालो. मी तिसरी शिकलेला माणूस आहे, पण अंगठा कधी उठवलेला नाही. सही करतो, आणि खाली रेघ ओढून दोन टिंबं देतो.

आमचं रान म्हणजे काही फार नाही. मेथी, कोथिंबीर, थोडी गवार, बांधाच्या कडेने शेवंती. बांधावर उभं राहिलं की एकलहऱ्याच्या चिमण्या दिसतात, आणि धूर कुठे चाललाय ते बघून पोरगी औषध मारायचं की नाही ते ठरवते. पोरगा सिन्नरच्या कारखान्यात पाळ्या करतो, सूनबाई खुरपणं, काढणं आणि बाजार बघते, माझा उजवा गुडघा गेल्या पावसाळ्यात चिखलात पडल्यापासून माझा राहिलेला नाही. तेव्हा पाणी भरणं हे काम नातीकडे आलं. एरवी तिची शाळा दुपारची, म्हणून सकाळी पाणी भरायचं, अंघोळ करायची आणि सायकल हाणायची. आता कोणतंही सरळ पोर असतं तर मुकाट्याने पाणी भरून मोकळं झालं असतं. हिने काय केलं, तर वाफ्यांचा वर्ग केला. प्रत्येक वाफ्याला हजेरी क्रमांक. सकाळी पाट धरून चालत जाते आणि हजेरी घेते. कुठला वाफा नीट उगवला नाही तर त्याच्यापाशी कमरेवर हात ठेवून उभी राहते आणि तिच्या बाईंच्या आवाजात म्हणते, "डोकं चांगलं आहे हो याचं, पण लक्ष नाही." मग त्या वाफ्याचा जादा तास. म्हणजे त्याला थोडं जास्त खत आणि थोडं जास्त बोलणं. एकदा मेथीचा व्यापारी रानात आला आणि त्याने चौदा नंबरच्या वाफ्याकडे बोट दाखवून विचारलं, "हा वाफा का देत नाय पोरी?" ही म्हणाली, "काका, तो आजारी आहे. चिठ्ठी आणलीय त्याने." व्यापाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं.

तिच्या वेण्यांचंही तसंच. शाळेत लाल रिबीन लागते. आता रिबीन आणि जुड्या बांधायची सुतळी ह्या दोन वस्तूंत फरक करता येणार नाही असं माणूस मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. सकाळच्या घाईत हिचा हात जे सापडेल त्याला घालतो. मग ही सुतळीच्या वेण्या घालून शाळेत जाते आणि नाशिकच्या बाजारात आमची एक मेथीची जुडी लाल रिबिनीचं फूल मिरवत जाते. सूनबाईने दोन चापट्या दिल्या. पण दुसऱ्या दिवशी बाजारातली एक बाई मुद्दाम विचारत आली, "कालची रिबिनीवाली मेथी आहे का?" त्यावर ही आईला म्हणाली, "बघ. आणि मला शाळेत कोणी काय बोललं नाय." यात कोणाचं बरोबर होतं ते सूनबाईला कळलं नाही, मला तर नाहीच.

एकदा मुख्याध्यापकांनी मला बोलावणं धाडलं. पोरगा कामावर, म्हणून मी धोतर बदलून गेलो. झालं होतं असं, की शाळेच्या टाकीचा नळ कोणीतरी उघडा ठेवला, आणि पाणी फाटकाकडे धावत सुटलं. सगळी पोरं खिडकीतून बघत होती. आमच्या बयेने शिपायाच्या खोलीतून फावडं काढलं, चपला काढल्या आणि पाऊण तास खपून मैदानातून अशी चारी काढली, की सगळं पाणी शाळेच्या अशोकाच्या झाडांना गेलं. तो तास गणिताचा होता. मुख्याध्यापक म्हणाले, "आजोबा, मुलगी हुशार आहे. पण तासाला बसत नाही." मी म्हणालो, "साहेब, पाणी वाया चाललेलं बघून जी बसून राहील, ती आमच्या घरातली नव्हे." ते म्हणाले, "मैदानात चारी पडली आहे." मी जाऊन बघितली. उतार चोख होता, तसं सांगितलं. त्यांनी चहा पाजला. ती तक्रार होती की कौतुक, ह्याचा विचार मी घरी येईपर्यंत करत होतो, आणि अजून करतो.

पण तिची खरी तऱ्हा म्हणजे तिचा अभ्यास. ती घरात अभ्यास करत नाही. बसवतच नाही म्हणते. वाफ्याचं तोंड फोडायचं, पाणी आत सोडायचं, फावड्यावर हनुवटी टेकायची आणि उत्तर पाठ म्हणायला लागायचं. वाफा भरला की उत्तर संपलं पाहिजे. मग तोंड बांधायचं, पुढच्या वाफ्याला पुढचं उत्तर. एक वाफा, एक उत्तर. बांधाकडचे वाफे आखूड आहेत, त्यांना व्याख्या आणि रिकाम्या जागा. मधले लांब, त्यांना सविस्तर उत्तरं लिहा. उत्तर अडलं की हिचं लक्ष तिकडे आणि पाणी वाफा फोडून बाहेर. त्यामुळे आमच्या घरात तिचा निकाल शाळेच्या आधी कळतो. ओट्यावरून पाणी फुटलेलं दिसलं की सूनबाई ओरडते, "अगं, इतिहास कच्चा आहे गं तुझा!" परीक्षेलासुद्धा एक उत्तर लिहून झालं की ही बाकावरून उठून उभी राहते. बाई म्हणतात, "काय पाहिजे?" ही म्हणते, "काही नाही बाई. पुढच्यात चालले होते," आणि परत खाली बसते.

ही रीत मात्र नवीन नाही, ती माझी आहे. तिसरी झाल्यावर वडिलांनी मला शाळेतून काढून पाण्यावर ठेवलं. धाकटा भाऊ शाळेत जायचा. तो सकाळी बांधावर पुस्तक घेऊन बसायचा आणि मी त्याला दम द्यायचो, "हा वाफा भरेस्तोवर कविता पाठ पाहिजे, नायतर फावड्याचा दांडा!" असा तो सातवी झाला, आणि ऐकून ऐकून मला तीसपर्यंत पाढे आले. नातीला हे मी कधी सांगितलेलं नाही. तरी तिने तेच सुरू केलं. मला वाटलं, रक्त आहे आपलं. रक्तात असतं ते येतं.

आता धाकट्याचा विषय निघालाच आहे तर विहिरीचं सांगावं लागेल. विहीर वडिलांनी खोदलेली, दोघांच्या रानाच्या मधोमध. सोमवार, बुधवार, शुक्रवार आमची पाळी. मंगळवार, गुरुवार, शनिवार धाकट्याची, म्हणजे पोरीच्या नानांची. रविवारी मोटर बंद, विहीर भरून येते. नऊ वर्षांपूर्वी माझ्या पाळीत शेवटचे दोन तास लाईट गेली. मी म्हणालो, माझे दोन तास बुडाले, ते मी उद्या तुझ्यातून घेईन. धाकटा म्हणाला, "भाऊ, पाळी घड्याळावर असते. लाईट गेली तरी घड्याळ थांबत नाय." मी म्हणालो, "पाळी पाण्यावर असते. घड्याळाने मेथी भिजत नाय." दुसऱ्या दिवशी त्याने बरोबर ठोक्याला मोटर सुरू केली. तेव्हापासून आम्ही बोलत नाही. तो बांधाच्या त्या अंगाला, मी ह्या अंगाला. त्याच्या घरच्या लग्नाला मी गेलो नाही, माझ्या बायकोच्या दहाव्याला तो आला, पण लांब उभा राहिला. जेवताना मी त्या दोन तासांचा विषय काढला नाही असा आठवडा गेला नसेल. पोरगी तेव्हा पाच वर्षांची होती. दोन म्हातारी माणसं बांधाच्या दोन बाजूंना तोंडं फिरवून बसतात ही शेतीचीच एक पद्धत असावी, असंच तिला बरेच दिवस वाटत होतं.

आणि ह्या उन्हाळ्यात गाडं अडलं. वार्षिक परीक्षा लागली, ती सकाळची. लाईटही सकाळचीच. पेपर सोमवार, बुधवार, शुक्रवार. म्हणजे नेमक्या आमच्या पाळ्या. ऊन असं, की दोन पाळ्या चुकल्या तर मेथी माना टाकणार. पोरगा रजा मिळत नाही म्हणाला. सूनबाई म्हणाली, "बाजाराला कोण जाईल मग?" मी म्हणालो, मी उतरतो. त्यावर दोघांनी माझ्या गुडघ्याकडे असं पाहिलं, की मी पाय धोतरात ओढून घेतला. मग पोरगी म्हणाली, "नानांशी पाळी बदलली तर? आपण मंगळवार, गुरुवार, शनिवार घेऊ. पेपरच्या आदल्या दिवशी पाणी भरायला मिळालं तर माझा अभ्यासपण होईल." तिला वाटलं असेल, किती सोपं. मी ताट सरकवलं. "पाळी सोडली म्हणजे हक्क सोडला. आज वार बदलला की उद्या तो म्हणेल विहीरच माझी. माझ्या जिवात जीव आहे तोवर त्याच्या दारात कोणी विचारायला जायचं नाय." ती म्हणाली, "मग पेपर?" आणि मी, माझ्या तोंडाला काय झालं होतं देव जाणे, मी म्हणालो, "एखादा पेपर बुडाला तर आभाळ कोसळत नाय. मी तिसरीत सोडली शाळा, काय वाईट झालं माझं?"

  मला वाटलं होतं पोरगी रडेल, भांडेल, निदान आईला पुढे करील. ती उठली, ताट घासलं आणि स्केल घेऊन कोपऱ्यात काहीतरी रेघा मारत बसली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्यापुढे कागद धरला. "आबा, सही." चष्मा आत होता. पण शाळेच्या कागदावर सही करायला मला चष्मा लागत नाही. बापाची सही ती कधी घेत नाही, माझीच घेते, आणि मला ते आवडतं. मी सही केली, खाली रेघ ओढली, दोन टिंबं दिली.

सोमवारी उठलो तर पोरगी नव्हती. सायकल नव्हती, चपला नव्हत्या. सूनबाई म्हणाली, "पेपरला गेली." मला बरं वाटलं की राग आला ते मी ठरवतोय, तेवढ्यात मोटरीचा आवाज आला. काठी घेऊन बांधावर गेलो. बघतो तर आमच्या पाळीला, आमच्या सोमवारी, पाणी धाकट्याच्या रानात चाललेलं, आणि हा पठ्ठ्या फावडं घेऊन उभा. नऊ वर्षांत मी त्याच्याशी बोललो नव्हतो आणि तेव्हाही बोलणार नव्हतो. मी बांधावरच्या कडुनिंबाला विचारलं, "काय रे, आज वार कोणता? मग हे पाणी कोणाच्या रानात चाललंय?"

धाकट्याने मान वर केली नाही. तो फावड्याला म्हणाला, "कागद झालाय. सह्या झाल्यात. लोकांनी आधी वाचावं, मग बोंबलावं."

"लोकांनी सही केली नाय," मी कडुनिंबाला बजावलं. "लोक मेले तरी करणार नाय."

"खाली दोन टिंबं कोण देतं, इचार म्हणावं."

त्याने टोपीतून कागदाची घडी काढली, बांधावरच्या दगडावर ठेवली, वर ढेकूळ ठेवलं आणि दहा पावलं मागे जाऊन तिकडे तोंड करून उभा राहिला. मी गेलो, कागद उचलला, हात लांब करून वाचला. स्केलने मारलेल्या रेघा. वर 'पाणी वेळापत्रक, परीक्षेचा आठवडा'. सोमवार नाना, मंगळवार आबा, बुधवार नाना, असं शनिवारपर्यंत. पुढच्या आठवड्यापासून पाळी पहिल्यासारखी. डावीकडे त्याची सही, उजवीकडे माझी, रेघेसकट, टिंबांसकट. आणि तळाला बारीक अक्षरात, 'टीप : नऊ वर्षांपूर्वी बुडालेले दोन तास पुढच्या मंगळवारी सकाळी भरून काढणे. तास आबांचा.'

मी ती टीप तीनदा वाचली. धाकट्याने सही केली होती, ती ह्या टिपेसकट केली होती. म्हणजे पाळी पाण्यावर असते हे त्याने मान्य केलं होतं. म्हणजे मी जिंकलो होतो. पण मग पाणी त्याच्या रानात का चाललं होतं, आणि मला जिंकल्यासारखं का वाटत नव्हतं, हे काही उलगडेना. मी कागद दगडावर ठेवला, ढेकूळ वर ठेवलं आणि घरी आलो. मागून तो फावड्याला म्हणाला, "एक वाफा, एक उत्तर कोणी कोणाला शिकवलं होतं, तेपण लोक विसरले वाटतं."

दुपारी पोरगी आली. मी म्हणालो, "फसवून सही घेतलीस." ती म्हणाली, "फसवून कशी? वाचायला दिला होता की. तुम्हीच चष्मा घेतला नाय." मी म्हणालो, "त्या दोन तासांचं त्याने कसं कबूल केलं?" ती भाकरी खाता खाता म्हणाली, "मी सांगितलं, आमच्या शाळेत बाई आल्या नाय तर बुडालेला तास शनिवारी भरून काढतात. कोणी भांडत नाय. नाना म्हणाले, असं होय, मग ठीक." नऊ वर्षं. नऊ वर्षं दोन माणसं तोंडं फिरवून बसली होती, आणि कोणी असं होय म्हणाला की ते मिटणार होतं. मग मी तिला विचारायचं ते विचारलं. "वाफ्याला उत्तर म्हणायची रीत तुला कोणी शिकवली?" तिला ते विचारण्यासारखं वाटलंच नाही. "नानांनी. मी पाणी भरायला लागले तेव्हा. मला पाठ होत नव्हतं तर बांधावरून म्हणाले, आमच्या भाऊने मला असं सातवीपर्यंत नेलं. तूपण बघ करून." मी म्हणालो, "मग तू मला सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "तुम्ही बोलत नाय ना त्यांच्याशी."

सगळे पेपर झाले. मंगळवार आला. सकाळी मी फावडं घेऊन निघालो तर पोरगी आडवी आली. "आबा, मी भरते." मी म्हणालो, "टीप वाच. तास माझा आहे." मोटर तिने सुरू करून दिली. धाकटा येऊन कडुनिंबाखाली बसला. पाळी त्याचीच होती, तेव्हा त्याला ऊठ म्हणता येईना. मी पहिल्या वाफ्याचं तोंड फोडलं. पाणी आलं, मेथीत शिरलं. मी फावड्यावर हनुवटी टेकली.  नुसतं पाणी मातीत मुरतानाचा आवाज. मग कडुनिंबाखालून आवाज आला, घसा खाकरून, लहानपणी यायचा तसा एका सुरात. "एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी." चोक, पंचे, सक ठीक गेलं. "एकोणतीस साती," म्हणाला आणि थांबला. लहानपणीसुद्धा तो तिथेच थांबायचा. परत म्हणाला, "एकोणतीस साती." वाफा काठोकाठ आला होता.

"दोनशे तीन," मी म्हणालो. कडुनिंबाला नाही.

तो माझ्याकडे बघत राहिला. मीही बघत राहिलो. टोपीखाली त्याचे केस माझ्याहून जास्त पांढरे झालेत, हे मला माहीत नव्हतं. तेवढ्यात वाफा फुटला, आणि पाणी बांधाच्या फटीतून त्याच्या रानात निघालं. माझ्या दोन तासांतलं पाणी. ओट्यावरून पोरगी ओरडली, "आबा, पाणी फुटलं! कोणाचं कच्चं आहे?" फावडं माझ्या हातात होतं. एक ढेकूळ घातलं असतं तर फट बुजली असती. मी तसाच उभा राहिलो. "आठे?" मी त्याला विचारलं, जरा दम देऊनच. तो म्हणाला, "भाऊ, सांगतो, थांब जरा."

त्या दोन तासांत माझे सातच वाफे भरले. पोरगी त्याच वेळात वीस भरते. संध्याकाळी तिने वेळापत्रकावर त्या टिपेपुढे बरोबरची खूण केली आणि विचारलं, "आबा, भरला ना तास?" मी भरला म्हणालो. ती आता दहावीला गेली आहे. पुढे कुठे जाईल, कुठल्या गावाचं पाणी कुठे वळवील, काही सांगता येत नाही. पाळी परत पहिल्यासारखी चालू झाली, सोमवार आमचा, मंगळवार धाकट्याचा, आणि बांधावर मुद्दाम जाऊन बसावं असं काही कारण आता उरलेलं नाही. म्हणून हल्ली आमच्या पाळीला मी ओट्यावर बसून मोटरीच्या आवाजाकडे कान लावून असतो, की आज तरी लाईट जाईल, तासदोन तास बुडतील. पण ती मेली आता जातच नाही.